दोन बोटं माया

त्या कारखान्यात नोकर असं कुणी नव्हतंच. मालक होता, त्याला सगळे दादा म्हणायचे. काज-बटण करणारी काकू होती, इस्त्रीवाला भाऊ होता, आणि कॉलर लावायला ही आली तेव्हा दादांनी पहिल्याच दिवशी हिला ताई करून टाकलं. वय एकोणीस, लग्नाला चार महिने झालेले. जिना चढून वर आली आणि पदर सारखा करत दारातच थांबली. दादा खुर्चीतून उठले, स्वतःच्या हातानं मशीनवरचा धुरळा पुसला आणि म्हणाले, "बस. आजपासून तू या घरची ताई." तिला इतकं बरं वाटलं, की पगार किती ते विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी डबा उघडताना काकूनं विचारलं, "किती ठरलं?"

"काय?"

"माझं लग्न! अगं, पगार!"

"ते विचारायचं राहिलं."

काकूनं घास हातातच ठेवून तिच्याकडं बघितलं. "झालं. पडली आणखी एक बहीण दादांच्या पदरात."

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. कारखाना म्हणजे तरी काय, दुकानाच्या वरचा एक लांबुळका हॉल. बारा मशीनं, सहा इकडं, सहा तिकडं, आणि मधून एका माणसापुरती वाट. काकू एका माणसापुरती नव्हती, त्यामुळं ती निघाली की दोन्हीकडच्या बायका खुर्च्या आत ओढून घ्यायच्या. शाळांचे गणवेश शिवायचे. चार महिने नुसते पांढरे शर्ट, मग निळ्या चड्ड्या, मग राखाडी झगे. पांढऱ्याच्या दिवसांत संध्याकाळी जिना उतरणाऱ्या बायकांच्या केसात सुद्धा पांढरी लव असायची, आणि निळ्याच्या दिवसांत शिंकरलं तरी निळं यायचं. बारा मशीनं एकदम चालली की जमीन थरथरायची आणि खालचा दुकानदार काठीनं छत ठोकायचा. वीज गेली की सगळं एकदम गप्प, आणि त्या गप्पपणात कुणाचं तरी अर्धं वाक्य उघडं पडायचं. एकदा काकूचं पडलं. "—सासू कसली, नुसती म्हैस!" आणि नेमकी सासू विसरलेला डबा घेऊन दारात उभी.

ताईला आजही ते आठवलं की हसू आवरत नाही. दिवस कष्टाचे होते, पण हसण्याचे होते. शिंप्याच्या दुकानावरून जाताना मशीनचा आवाज आला की तिचे पाय आपोआप थांबतात.

दादा माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. बाराही मशीनांवरच्या बायकांच्या घरची दुखणी त्यांना तोंडपाठ. पगारवाढ मागायला कुणी त्यांच्या टेबलापाशी गेलं, की तोंड उघडायच्या आत ते विचारायचे, "काय गं, सासूबाईंचा गुडघा कसा आहे?" मग गुडघ्यावर पाव तास. मग, "तुझं काही काम होतं का?" आणि आपण ताकाला गेलेल्या माणसासारखं भांडं मागं लपवून म्हणायचं, "नाही, सहजच आले होते." इस्त्रीवाला भाऊ एका वर्षात तीनदा गेला. पहिल्यांदा एक जुनी छत्री घेऊन आला, दुसऱ्यांदा सल्ला घेऊन आला, आणि तिसऱ्यांदा तर दादांनीच त्याच्याकडून दहा मिनिटं पाठ चेपून घेतली.

फारच कुणी नेट धरला, तर दादांचा चेहरा उतरायचा. "घरात कुणी पगार मागतं का?"

"घरात जेवायला तरी वाढतात," काकू मशीनवरूनच म्हणायची. पण मशीनच्या आवाजात. ऐकू गेलं तरी न ऐकल्यासारखं करता येईल इतपतच.

ताईला पोरगी झाली तेव्हा दादांनी सांगितलं, घरी कशाला बसतेस, घेऊन ये. कापायच्या टेबलाखाली कतरणांच्या ढिगावर तिला निजवायचे. इतकी मऊ गादी कुठल्या राजकन्येला मिळाली नसेल. रडली तर दादा स्वतः उचलून खिडकीशी फिरवायचे. आणि महिन्याअखेरीला दूध पाजायला उठलेला वेळ पगारातून कापायचे. त्यांनी पोर खेळवलं हेही खरं आणि पैसे कापले हेही खरं. ताई आजही दोन्ही सांगते. एक सांगून दुसरं गाळत नाही.

त्या हॉलमध्ये एकच माणूस असा होता, की ज्याला नातं नव्हतं, हुद्दा होता. तो म्हणजे मास्तर, कापड कापणारा. दादा बाकी सगळ्यांना 'तू' म्हणायचे, त्याला मात्र 'मास्तर, तुम्ही'. पगारही सगळ्यांपेक्षा बराच वरचा. काकूचं म्हणणं असं, की नात्याला प्रेम मिळतं आणि हुद्द्याला पैसे.

मास्तर साठीला आलेले, अंगानं बारीक, पण हात मात्र दुसऱ्याचा उसना आणल्यासारखा. हातोडीच्या दांड्याएवढी एकेक बोटं. कापडाचे तीस-चाळीस थर टेबलावर पसरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, फर्म्याच्या कडेला दोन बोटं आडवी टेकवायची आणि बोटांच्या पलीकडून खडूची रेघ मारायची. ती दोन बोटं म्हणजे माया. शिवणीच्या आत दडवून ठेवायचं जास्तीचं कापड. पोर वाढलं की आई शिवण उसवते, आतली माया मोकळी करते, आणि तोच शर्ट आणखी एक वर्ष अंगाला येतो. गरिबाघरी तर धाकट्यालाही येतो.

"माया फर्म्यातच का धरत नाही, मास्तर?" ताईनं एकदा विचारलं. "रोज बोटं टेकवायची कटकट नाही."

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. "फर्म्यात धरली तर उद्या दादा फर्मा ठेवून घेतील आणि मला घरी पाठवतील. आहे ती बोटातच राहू दे."

मग एक दिवस मास्तरांनी हाक मारली, "ताई, जरा इकडं ये गं. हा खडू सारखा तुटतोय." ती गेली. खडू धड होता. रेघ कापडावरून घसरून टेबलाच्या लाकडावर गेली होती, आणि मास्तर लाकडावरच्या रेघेकडं समाधानानं बघत होते. ताईला काय ते कळलं. मास्तरांच्या डोळ्यांत पडदा आला होता.  पदरानं लाकडावरची रेघ पुसली, खडू आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्ही बोटं टेका, मी मारते."

पुढची दोन वर्षं तसंच चाललं. बोटं त्यांची, रेघ तिची. नंतर नंतर कात्रीही तिचीच. दादांना वाटायचं मास्तर शिकवतायत. तसे ते शिकवतही होते. कापड ओढून पसरायचं नाही, ताणलं की शिवल्यावर कोपऱ्यातून रडतं. बाहीचे थर एकाआड एक उलटे घालायचे. कात्रीला घाई कळते. हे सगळं ती तिथं शिकली, आणि ते शिकणं तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं शिकणं होतं. शाळेत तिचं कधी असं चित्त लागलं नव्हतं.

पण कॉलरींचा ढीग काही कुणी कमी केला नव्हता. टेबलावरून उठायचं आणि मशीनवर बसायचं. नवरा म्हणायचा, "दोन माणसांचं काम करतेस आणि एकाचा पगार आणतेस. मास्तराचं दे म्हणून सांग की दादांना."

"बोलले तर मास्तर घरी जातील."

"आणि नाही बोललीस तर तू अशीच मरशील."

मास्तरांनाही ते कळत होतं. एकदा रेघ मारून झाल्यावर म्हणाले, "तुझ्यावर अन्याय होतोय, ताई."

"मग?"

"मग काही नाही. मला कळतंय, एवढं तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

शेवटी जिन्यानंच निकाल लावला. शेवटची पायरी आहे असं समजून मास्तरांनी पाय टाकला, तिथं पायरी नव्हती, आणि नाही असं समजून पुढचा टाकला, तिथं होती. पाय मोडला नाही, पण सगळ्यांना डोळे कळले. दादांनी निरोपाचं भाषण केलं, घरातलं वडीलधारं माणूस चाललं म्हणून डोळे पुसले, आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला काटे दिसत नाहीत त्याला घड्याळ! मास्तरांनी ते कानाला लावून बघितलं आणि म्हणाले, "चालू आहे."

आता मात्र ताईला अडवणारं कुणी नव्हतं. आठवडा जाऊ दिला आणि ती दादांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. गुडघ्याचा विषय निघायच्या आत बोलून टाकलं. "दादा, मास्तरांचं काम मीच करतेय. दोन वर्षं मीच करत होते. मला मास्तर करा."

दादांना दोन वर्षांचं ऐकून राग आला नाही. उलट डोळे चमकले. "म्हणजे तुला येतं सगळं! मग झालं तर. तू आहेसच की."

"तसं नाही. हुद्दा आणि पगार."

दादा हसले, मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. "अगं, बाईला मास्तर कसं म्हणायचं? मास्तरीण म्हणावं तर ते मास्तरांच्या बायकोला चालेल का विचारून ये आधी!"

सगळे हसले. ताईही हसली. पुढं कितीतरी दिवस तिला स्वतःच्या त्या हसण्याचाच राग येत राहिला. दादा म्हणाले, "बघू." दादांचं बघू म्हणजे कोपराला लावलेला गूळ. दिसतो, पण जिभेला पोचत नाही.

तेवढ्यात पांढऱ्याचे दिवस आले. तीनशे शर्टांची एक मोठी शाळा होती. ताईनं एकटीनं थर पसरले, फर्मा ठेवला, दोन बोटं टेकवली, रेघ मारली, कापलं. शर्ट शिवून, इस्त्री होऊन, गठ्ठे बांधून गेले. आणि कापडाचा एक अख्खा तागा उरला.

दादांनी तो तागा छातीशी धरला. ताईच्या पोरीलासुद्धा कधी इतक्या मायेनं धरलं नसेल. "ताई! अगं, हात आहे की जादू! मास्तर इतकी वर्षं कापड खात होते की काय?" ते बोलणं तिला आवडलं नाही. पण पुढचं आवडलं. दादांनी टाळ्या वाजवून मशीनं थांबवली आणि जाहीर केलं, "पहिल्या तारखेपासून ताई आपली मास्तर. पगारासकट!" खालून चहा आला. घरी नवऱ्यानं दोनदा विचारलं, "पगारासकट म्हणाले? नक्की?" तिला त्या आनंदात एकदाही वाटलं नाही, की तागा उरला कसा.

ते वाटलं काकूला. नव्या गठ्ठ्यातल्या शर्टाला काज करता करता तिनं तो उलटा केला, आतली शिवण चिमटीत धरली आणि म्हणाली, "ताई, तुझी माया आटली काय गं?"

"काय झालं?"

"हे बघ. उसवलं तरी पोराला वर्षभर पुरेल एवढं उरलं नाही. माझ्या नातवाला असला शर्ट घेतला असता तर मी दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या असत्या."

ताईनं शिवणीवर बोटं ठेवली. दोन बोटं बरोबर होती. तिचीच. तिनं आपल्या हाताकडं बघितलं, बारीक, सुईसारखी बोटं. दोन वर्षं तिनं रेघ मारली होती, पण बोटं मास्तरांची होती. मास्तर गेले, आणि बोटं त्यांच्याबरोबर गेली, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ती टेप घेऊन मास्तरांच्या घरी गेली. एक खोली, एक खाट, भिंतीवर ते घड्याळ. मास्तर आवाजावरून ओळखून म्हणाले, "ये ताई. तब्येत बघायला आलीस?"

"नाही. बोटं मोजायला आले."

"बोटं?" त्यांनी हात पुढं केला. तिनं दोन बोटांवर टेप धरला. पावणेदोन इंच. मग आपल्या बोटांवर धरला. सव्वा. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, तीनशे शर्ट. म्हणजे तागा. तिनं झाला प्रकार सांगितला. मास्तर आधी खो खो हसले, मग म्हणाले, "मी मूर्ख. नोकरी टिकावी म्हणून बोटात ठेवली, आणि तुला शिकवताना एवढंच सांगायचं राहिलं."

"आता मी दादांना सांगितलं, तर तागा उरणार नाही. तागा उरला नाही, तर पहिली तारीख येणार नाही."

 चुलीपाशी बसलेली त्यांची बायको मध्येच म्हणाली. "दादा काय म्हणाले होते गं, मला विचारून ये म्हणून?"

ताई ओशाळली. "ते तुमच्यापर्यंत आलं होय?"

"काकूनं सांगितलं. तर ऐक, मास्तरीण मीच राहणार. चाळीस वर्षं या माणसाचं ऐकून मिळवलंय ते. तू मास्तर हो. आणि व्हायचं तर कापडाला धरून हो, नाहीतर होऊ नको."

सोमवारी सकाळी ताईनं दादांना सगळं सांगितलं. दादा टेपकडं बघत राहिले, मग त्यांचा चेहरा उजळला. "मग चांगलंच झालं की! तुझ्याच बोटांनी काप."

"दादा, पोरं वाढतात."

"वाढू देत. नवा शर्ट घेतील. कुणाकडून? आपल्याकडून."

"मी मास्तरांची दोन बोटं सोडणार."

दादांचा आवाज खाली आला. तो खाली आला की जपायचं असतं, हे तिला एव्हाना माहीत होतं. "ताई, मास्तर म्हणजे कोण? मालकाचं कापड वाचवतो तो. तागा उरणार नसेल तर तुला मास्तर कशासाठी करायचं? बहीण ना तू माझी? भावाचं भलं बघशील, की लोकांच्या पोरांचं?"

 एखादी असती तर तोंडावर काहीतरी फेकून मोकळी झाली असती. ताईनं साधंच विचारलं, "मला आता पगार कशाचा मिळतो, दादा?"

"म्हणजे?"

"कॉलरवालीचा ना?"

"हो, पण—"

"मग मी कॉलर लावते."

तिनं कात्रीची पाती मिटली, कात्री टेबलावर ठेवली, आपटली नाही, आणि आपल्या मशीनवर जाऊन बसली.

काकूला राहवलं नाही. यावेळी मशीन बंद करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "दादा, कापडातली माया काढून बोलण्यात घातली होय तुम्ही?" बाकीच्या सगळ्याजणींनी एकदम माना खाली घातल्या. टाके वाकडे पडले असतील त्या दिवशी.

पहिला दिवस कापून ठेवलेल्या मालावर निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी इकडच्या ओळीतली मशीनं गप्प झाली, मग तिकडची. ताईच्या कॉलरी लावून संपल्या, तशी ती हात मांडीवर ठेवून बसली. दादांनी येऊन विचारलं, "राग गेला का, ताई?"

"राग कुठला, दादा? काम द्या, करते."

ती दगडासारखी बसली होती, पण आत काय चाललं होतं ते तिलाच ठाऊक.  दादा उठून म्हणाले असते, चालू लाग, तर तिनं जायचं कुठं? पोरीची शाळा आता कुठं सुरू झाली होती. नवरा, जो रोज तिला बोल म्हणायचा, तोच आता म्हणत होता, "जरा जास्तच ताणलंस." काकू शेजारून पुटपुटत होती, "बस. हलू नकोस. सगळं मास्तरांकडून शिकलीस, आता बसायचं माझ्याकडून शीक."

तिसऱ्या दिवशी दादांनी बाहेरून एक मास्तर आणला. सुगीच्या दिवसांत रिकामा मास्तर म्हणजे तसलाच असायचा. त्यानं फर्मा उलटसुलट केला आणि विचारलं, "यात माया धरलीय की नाही?"  दादांनी ताईकडं बघितलं. "मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी कॉलरवाली." त्या माणसानं जुन्या मास्तरांच्या दुप्पट पगार सांगितला, वर रोज दोन वेळा चहा, आणि दादांचं तोंड बघून जिना उतरून गेला.

मग चौथ्या दिवशी दादांनी स्वतः कात्री घेतली. कापायला असं काय लागतं? बाह्या दोन, थर चाळीस. घाम पुसत, कुणाकडं न बघता, त्यांनी सकाळभर कापलं. काकूनं वरची एक बाही उचलली, मग दुसरी, मग मधली एक ओढून बघितली आणि तिन्ही भाऊच्या हातात दिल्या. भाऊनं त्या ओळीनं टेबलावर मांडल्या.

"दादा," तो फार आदरानं म्हणाला, "ही शाळा कुठली? यातल्या पोरांना दोन्ही हात डावेच आहेत."

एकाआड एक थर उलटा घालायचा, हे दादांना कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं त्याच हॉलमध्ये बसून त्यांनी ते बघितलंही नव्हतं.

हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. दादा त्या बाह्यांपुढं उभे होते आणि पहिल्यांदाच म्हातारे दिसत होते.  मग ते दोन ओळींच्या मधल्या वाटेनं ताईच्या मशीनपर्यंत आले.

"मास्तर," ते म्हणाले, "टेबलावर चला."

ताई उठली नाही. "कुणाला म्हणताय?"

"तुम्हाला."

आठ वर्षांत या माणसानं तिला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.  तरी ती उठली नाही.

"कागदावर?"

"लिहून देतो."

"आणि माया?"

"दोन बोटं."

"कुणाची?"

दादांनी श्वास सोडला. "मास्तरांची."

"मास्तर तर मी आहे, दादा. जुन्या मास्तरांची म्हणा."

"जुन्या मास्तरांची," दादा म्हणाले.

ती उठली, टेबलाशी गेली आणि आधी त्या सगळ्या डाव्या बाह्या बाजूला केल्या. त्यांतून काकूनं पुढं नातवंडांसाठी टोपडी शिवली.

पगार वाढला. जुन्या मास्तरांएवढा लगेच नाही. बाईमाणूस म्हणून दादांनी एक पायरी खाली ठेवलाच, आणि ती पायरी चढायला आणखी दोन वर्षं भांडावं लागलं. आधी गेलेले तीनशे शर्ट काही परत आले नाहीत. पुढच्या वर्षी ते उसवायला घेतलेल्या आयांनी जे शिव्याशाप दिले असतील, ते आपल्यालाच लागले असं ताई धरून चालते.

पण आणखी एक गोष्ट झाली, जी कागदावर नव्हती. त्या दिवसानंतर दादांनी तिला कधी ताई म्हटलं नाही. मास्तर, या. मास्तर, बघा. सासूबाईंचा गुडघा कसा आहे, हेही पुन्हा विचारलं नाही. सासूबाई वारल्या तेव्हा ते आले, दाराशी उभे राहिले, म्हणाले, "मास्तर, दोन दिवस रजा घ्या," आणि गेले. त्या दोन दिवसांचा पगार त्यांनी कापला नाही. आधीचे दादा असते, तर दिवसभर घरात मांडी घालून बसले असते, चार माणसांना धीर दिला असता, आणि दोन दिवस कापले असते.

अकरा वर्षं ती मास्तर होती. मग तयार कपड्यांचे मोठे कारखाने निघाले, शाळा तिकडं गेल्या, दादांनी मशीनं विकली आणि हॉलमध्ये आता कसले तरी खोके ठेवतात. जिन्याची शेवटची पायरी सिमेंटची केलीय म्हणे.

कतरणांवर झोपलेली पोरगी आता स्वतः दोन लेकरांची आई आहे. परवा घडी घालता घालता तिनं विचारलं, "आई, दादांनी तुला ताई म्हणायचं सोडलं, त्याचं वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना," ती म्हणाली. "सात तारखेपर्यंत वाटलं. सात तारखेला पगार झाला."

पोरगी हसली. ताई हसली नाही. हातातली चादर दोन टोकांना धरून ताणली, झटकली आणि म्हणाली, "माणूस भाऊ म्हणून फार गोड होता गं. अजून आठवण येते. पण मला भाऊ आधीच तीन होते. मालक तेवढा एकच होता."